पंचवीस किलोंच्या पलीकडची विमाने

दूरनियंत्रणाने उडणारे मॉडेल विमान म्हटले की सामान्यतः हातभर लांबीचे, बाल्सा लाकडाच्या पातळ पट्ट्यांचे आणि एका हाताने सहज उचलता येणारे विमान डोळ्यांसमोर येते. परंतु याच छंदाच्या दुसऱ्या टोकाला पाच-पाच मीटर पंखविस्ताराची, १०० ते २०० घनसेंटिमीटर क्षमतेच्या पेट्रोल इंजिनांवर किंवा छोट्या जेट टर्बाइनवर चालणारी आणि गाडीतून उतरवताना दोघातिघांचे हात लागणारी विमाने आहेत. ती बांधणारे लोक हौशी असतात, विमान विकण्याचा किंवा त्यातून कमाई करण्याचा त्यांचा हेतू नसतो आणि एकेका विमानावर ते वर्षानुवर्षे काम करतात. तरीही एका ठरावीक वजनानंतर बहुतेक देशांचे कायदे या विमानांकडे खेळ म्हणून पाहणे थांबवतात आणि त्यांच्या मालकाकडे तपासणी, नोंदणी आणि परवान्याची मागणी करतात. ही सीमारेषा बहुतेक ठिकाणी २५ किलोंच्या आसपास आहे. ती ओलांडू इच्छिणाऱ्यासाठी अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये हौशी मंडळींच्या संघटनांनी एक शिस्तबद्ध वाट तयार केली आहे. भारतात ती रेषा आहे, वाट मात्र नाही.

वजनाची मर्यादा का लागते, हे समजण्यासाठी आकार वाढला की विमानाचे नेमके काय होते ते पाहणे आवश्यक आहे. अमेरिकेतील पायपर कंपनीचे जे-३ कब हे दोन आसनांचे जुने विमान मॉडेल बांधणाऱ्यांच्या विशेष आवडीचे आहे. मूळ विमानाचा पंखविस्तार १०.७ मीटर, पूर्ण भरलेले वजन सुमारे ५५० किलो आणि पंखांचे क्षेत्रफळ १६.६ चौरस मीटर आहे. लांबी, रुंदी आणि उंची ही तिन्ही मापे एकाच प्रमाणात कमी केली तर क्षेत्रफळ त्या प्रमाणाच्या वर्गाने आणि घनफळ, म्हणजेच ढोबळमानाने वजन, घनाने कमी होते. म्हणून या विमानाची पाव मापाची प्रतिकृती ५५० भागिले ६४, म्हणजे साधारण साडेआठ किलोंची होते. एकतृतीयांश मापाची सुमारे २० किलोंची. ४० टक्के मापाची ३५ किलोंची. आणि निम्म्या मापाची जवळजवळ ६९ किलोंची. प्रत्यक्षात कुशल बांधणारा या हिशेबापेक्षा हलके विमान बांधू शकतो, कारण मॉडेलमध्ये वैमानिक नसतो आणि आसनेही नसतात. पण वाढीचा वेग लक्षात येण्यास हे आकडे पुरेसे आहेत. पंखविस्तार पावणेतीन मीटरवरून साडेपाच मीटरच्या जवळ गेला, एवढाच बदल डोळ्यांना दिसतो. वजनकाट्यावर तोच बदल आठपट असतो.

वजनाबरोबर वेगही वाढतो. पंखांच्या प्रत्येक चौरस मीटरवर किती वजन पेलले जाते याला पंखभार म्हणतात आणि विमान हवेत टिकून राहण्यासाठी लागणारा किमान वेग या पंखभाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. मूळ कब विमान ताशी सुमारे ६१ किलोमीटरच्या खाली आले की पंखांवरचा हवेचा प्रवाह सुटतो आणि विमान स्टॉल होते, म्हणजे त्याची उचल एकदम कमी होते. निम्म्या मापाच्या प्रतिकृतीत हा वेग ताशी ४३ किलोमीटर येतो आणि पाव मापाच्या प्रतिकृतीत त्याहूनही कमी, ताशी ३० किलोमीटरच्या आसपास. गतिज ऊर्जा वस्तुमान आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकारावर अवलंबून असल्याने वस्तुमानातील आठपट वाढ आणि वेगाच्या वर्गातील दुप्पट वाढ एकत्र येऊन माप दुप्पट झालेल्या विमानाची ऊर्जा सोळापट होते. कायद्यांच्या मसुद्यांत हे गणित लिहिलेले नसते. तरीही वजनाच्या प्रत्येक मर्यादेमागे ते उभे असते.

आकड्यांत सांगायचे तर ताशी ५४ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या दोन किलोंच्या विमानाची गतिज ऊर्जा २२५ ज्यूल असते, तर ताशी १०८ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या २५ किलोंच्या विमानाची ११,२५० ज्यूल, म्हणजे पन्नासपट. पंधरा मजली इमारतीच्या गच्चीवरून २५ किलोंचे सिमेंटचे पोते खाली टाकले तर ते जमिनीवर साधारण एवढ्याच जोराने आदळेल. पहिल्या विमानाने माणसाला दुखापत होऊ शकते. दुसऱ्याच्या मार्गात माणूस आला तर तो वाचेल अशी आशा धरता येत नाही. केवळ वजनावरून धोका ठरवणे शास्त्रीयदृष्ट्या अपुरे आहे, कारण हलके पण अतिशय वेगवान जेट मॉडेल जड पण संथ विमानापेक्षा घातक ठरू शकते, असा आक्षेप जाणकार घेतात आणि तो खरा आहे. पण वजन मैदानावरच्या काट्यावर कोणालाही मोजता येते, त्याबद्दल वाद घालता येत नाही आणि विमान उडण्यापूर्वीच ते कळते. नियम करणाऱ्याला असेच माप हवे असते. वेगाची जोखीम मग वेगळ्या नियमांनी हाताळली जाते. टर्बाइनवर चालणाऱ्या मॉडेलसाठी स्वतंत्र परवानगी, अग्निशामक साधन आणि वेगाची कमाल मर्यादा असे नियम त्यातूनच आले आहेत.

वजन म्हणजे कोणते वजन, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटला तरी सीमारेषेजवळ तोच निर्णायक ठरतो. भारतीय नियमांत विमानाचे भाग, उपकरणे, बॅटरी, इंधन आणि त्यावर लादलेला भार या सर्वांसह उड्डाणसमयी असलेले एकूण वजन धरले जाते. अमेरिकेच्या कायद्यातही विमानाला जोडलेल्या किंवा त्याने वाहून नेलेल्या प्रत्येक वस्तूचे वजन गणले जाते. पेट्रोलची घनता लिटरला सुमारे पाऊण किलो असल्याने कोरडे असताना २४ किलो भरणारे विमान दोन लिटर इंधन भरताच साडेपंचवीस किलोंचे होते आणि दुसऱ्या वर्गात जाते. म्हणून अनुभवी बांधणारे आराखडा काढतानाच दीड-दोन किलोंची सूट हाताशी ठेवतात. रंगाचा जाड थर, शेपटीतील वजन सावरण्यासाठी नाकात घालावे लागणारे शिसे आणि शेवटच्या क्षणी बसवलेली जादा बॅटरी हे सारे मिळून ती सूट संपवतात. शेपटीतील प्रत्येक जादा ग्रॅमसाठी नाकात कितीतरी पट वजन टाकावे लागते, कारण गुरुत्वमध्यापासून शेपटी लांब आणि नाक जवळ असते. त्यामुळे जड झालेल्या मॉडेलचा दोष बहुधा शेपटीत सापडतो.

२५ किलोंचा आकडा अनेक दस्तऐवजांत निरनिराळ्या वेशांत भेटतो. हवाई क्रीडांची जागतिक संघटना असलेल्या एफएआयच्या क्रीडासंहितेत मॉडेल विमानाची सर्वसाधारण कमाल मर्यादा इंधनासह २५ किलो, पृष्ठभागाचे क्षेत्रफळ पाच चौरस मीटर आणि पिस्टन इंजिनांची एकत्रित क्षमता २५० घनसेंटिमीटर अशी सांगितली आहे. अमेरिकेत ५५ पौंड हा आकडा प्रचलित आहे आणि त्याचे किलोंत रूपांतर केले की २४.९ येतात. युरोपीय संघाच्या २०१९ सालच्या नियमावलीतील खुल्या वर्गाची, म्हणजे पूर्वपरवानगीशिवाय उडवता येणाऱ्या मानवरहित विमानांच्या वर्गाची, कमाल मर्यादाही २५ किलोच आहे. ब्रिटनमध्ये अनेक वर्षे ही रेषा २० किलोंवर होती आणि युरोपीय नियमांशी मेळ घालताना ती २५ वर आली. निसर्गात २५ किलोंवर असा कोणताही कडा नाही, की ज्याच्या अलीकडे विमान निरुपद्रवी आणि पलीकडे विनाशक ठरावे. रेषा कुठेतरी ओढावी लागते आणि ती इथे ओढली गेली आहे. म्हणूनच ती ओलांडणाऱ्याला थेट अडवण्यापेक्षा त्याच्याकडून अधिक पुरावा मागणे हेच तर्कसंगत ठरते.

अमेरिकेतील व्यवस्था या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. तेथील नागरी विमान वाहतुकीचे नियमन करणाऱ्या एफएए या संस्थेने १९८१ मध्ये मॉडेल विमानांसाठी एक अगदी छोटी सल्लापत्रिका काढली होती. तिच्यात विमान ४०० फुटांच्या वर नेऊ नये, विमानतळाजवळ उडवताना तेथे कळवावे, माणसे वाहून नेणाऱ्या विमानांना वाट द्यावी अशा सूचना होत्या आणि त्यांचे पालन ऐच्छिक होते. प्रत्यक्ष शिस्त राखण्याचे काम अकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्स ही १९३६ साली स्थापन झालेली आणि सध्या इंडियाना राज्यातील मन्सी येथे मुख्यालय असलेली संघटना करत होती. सदस्यांसाठी सुरक्षासंहिता, मैदानांसाठी मांडणीचे नियम आणि अपघात झाल्यास तिसऱ्या पक्षाला भरपाई देणारा विमा ही तिची तीन मुख्य साधने होती. संहिता मोडली तर विम्याचे संरक्षण धोक्यात येते, आणि विम्याशिवाय एकही क्लब मैदानात पाऊल ठेवू देत नाही, ही साखळी सरकारी दंडापेक्षा अधिक परिणामकारक ठरली.

२०१२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने एफएएच्या कारभाराविषयीच्या कायद्यात मॉडेल विमानांसाठी एक स्वतंत्र कलम घातले आणि त्यात या संपूर्ण विषयाचे सार आले. मॉडेल विमान ५५ पौंडांपेक्षा जड असू नये, असे ते कलम सांगते, पण लगेच अपवाद करते: समुदायाधिष्ठित संघटनेने चालवलेल्या आराखडा, बांधणी, तपासणी, चाचणी उड्डाण आणि सुरक्षित वापर यांच्या कार्यक्रमातून प्रमाणित झालेले विमान याहून जड असू शकते. समुदायाधिष्ठित संघटना म्हणजे त्या छंदातील लोकांनीच उभारलेली, सुरक्षेचे नियम करणारी आणि ते पाळून घेणारी संस्था. २०१८ मध्ये हे कलम रद्द होऊन त्याच्या जागी नवी तरतूद आली. तिच्यानुसार ५५ पौंडांपेक्षा जड विमान संघटनेने तयार केलेल्या आणि एफएएने मान्य केलेल्या निकषांनुसार, ठरावीक मान्यताप्राप्त स्थळावरूनच उडवावे लागते. हलक्या मॉडेलची नोंदणी संकेतस्थळावर काही मिनिटांत होते. ५५ पौंडांच्या वरच्या विमानाला मात्र माणसे वाहून नेणाऱ्या विमानांच्या नोंदणीपद्धतीतून जावे लागते आणि एन या अक्षराने सुरू होणारा क्रमांक घ्यावा लागतो.

या अपवादाला प्रत्यक्ष रूप देणारा अकॅडमीचा कार्यक्रम लार्ज मॉडेल एअरप्लेन या नावाने चालतो. त्यात दोन पायऱ्या आहेत. पहिली ५५ पासून ७७.२ पौंडांपर्यंत, म्हणजे २५ ते ३५ किलोंची. दुसरी तेथून १२५ पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे ५७ किलोंपर्यंतची. वर उल्लेखिलेले ४० टक्के मापाचे कब विमान पहिल्या पायरीच्या काठावर येते. निम्म्या मापाचे, हिशेबाप्रमाणे पूर्ण वजनाचे बांधले तर, दुसऱ्या पायरीतही बसत नाही. विमान बांधणाऱ्याने प्रथम जमिनीवरच्या तपासणीसाठी ते संघटनेच्या नियुक्त निरीक्षकासमोर ठेवायचे, त्यानंतर चाचणी उड्डाणे करून दाखवायची आणि दोन्ही समाधानकारक झाल्यावरच उड्डाणाचा परवाना मिळवायचा, असा क्रम आहे. परवाना त्या विशिष्ट विमानाचा असतो. त्याच आराखड्यावरून दुसरे विमान बांधले तर त्याची तपासणी पुन्हा करावी लागते.

निरीक्षक नेमके काय पाहतो, हे थोडे जवळून पाहिले तर परवान्याचा खरा अर्थ कळतो. मॉडेल विमानाचे एलिव्हेटर, रडर आणि एलेरॉन हे हलणारे पृष्ठभाग सर्व्हो नावाच्या छोट्या विद्युतयंत्रांनी फिरतात आणि सर्व्होची ताकद किलो-सेंटिमीटरमध्ये मोजली जाते, म्हणजे एक सेंटिमीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाशी तो किती किलो ओढू शकतो यावरून. हवेच्या दाबाविरुद्ध पृष्ठभाग वळवण्यासाठी लागणारा जोरही माप दुप्पट झाले की सोळापट होतो. त्यामुळे लहान विमानात उत्तम चाललेली सर्व्हो-जोडणी मोठ्या विमानात हवेच्या झोतापुढे मान टाकते आणि वैमानिकाने काडी पूर्ण ओढली तरी एलिव्हेटर अर्ध्यावरच थांबतो. म्हणून निरीक्षक पृष्ठभाग हाताने दाबून पाहतो, सांध्यांत आणि दांड्यांत किती खेळ, म्हणजे ढिलेपणा, आहे ते तपासतो. हा खेळ केवळ अचूकतेचा प्रश्न नसतो; सैल पृष्ठभाग ठरावीक वेगाला स्वतःहून फडफडू लागतो, या फडफडीला फ्लटर म्हणतात, आणि ती सुरू झाल्यावर काही क्षणांत बिजागऱ्या उखडून पृष्ठभाग किंवा सबंध पंखही तुटू शकतो. मोठ्या विमानांत एलिव्हेटरच्या डाव्या आणि उजव्या भागाला स्वतंत्र सर्व्हो बसवण्याची प्रथा आहे, म्हणजे एक बंद पडला तरी दुसऱ्यावर विमान खाली आणता येते.

पंखांचे हाडही असेच तपासले जाते. मापाबरोबर वजन घनाने आणि पंखाच्या मुळाशी येणारे वाकवणारे बल त्याहून वेगाने वाढते, परिणामी त्याच सामग्रीवरचा ताण मापाच्या प्रमाणात चढत जातो. म्हणजे पाव मापाच्या विमानात पुरून उरणारी लाकडी तुळई निम्म्या मापाला तितक्याच निर्धोकपणे वापरता येत नाही. मोठ्या विमानांत बाल्साऐवजी बर्च प्लायवूड, स्प्रूस, अॅल्युमिनियमच्या नळ्या आणि कार्बन तंतू यांचा वापर होतो तो या कारणाने. पंख उलटे ठेवून त्यांवर वाळूच्या पिशव्या रचणे आणि उड्डाणात येणाऱ्या भाराच्या कितीतरी पट भार त्यांनी पेलला का ते पाहणे ही जुनी आणि आजही विश्वासाची रीत आहे.

तिसरा भाग विजेचा आणि रेडिओचा. विमानातील रिसीव्हरला म्हणजे संदेश ग्रहण करणाऱ्या उपकरणाला दोन स्वतंत्र बॅटऱ्या, दोन स्वतंत्र स्विच आणि शक्य तेथे दोन रिसीव्हर असावेत, असे मोठ्या विमानांचे बांधणारे मानतात. त्याहून महत्त्वाची व्यवस्था फेलसेफची: रेडिओसंदेश तुटला तर इंजिन आपोआप मंद किंवा बंद व्हावे, अशी रचना आधीच करून ठेवलेली असते आणि निरीक्षक जमिनीवर ट्रान्समीटर बंद करून ती खरोखर चालते का ते पाहतो. फेलसेफ न लावल्यास काही उपकरणे शेवटचा मिळालेला संदेश तसाच धरून ठेवतात. शेवटचा संदेश पूर्ण वेगाचा असेल तर ४० किलोंचे विमान कोणाच्याही ताब्यात नसताना पूर्ण वेगाने जात राहील. हजारो रुपयांच्या जादा उपकरणांपेक्षा या एका मिनिटाच्या चाचणीचे मोल अधिक आहे, आणि ती आपण केली आहे असे स्वतःला सांगणे आणि दुसऱ्यासमोर करून दाखवणे यांत जो फरक आहे त्यावरच परवानापद्धती उभी आहे.

ब्रिटनमधील लार्ज मॉडेल असोसिएशनची पद्धत याच तत्त्वावर चालते. पण एका बाबतीत ती अधिक सखोल आहे आणि अधिक अनुकरणीयही. मर्यादेच्या वरच्या, १५० किलोंपर्यंतच्या विमानांसाठी तेथील नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाच्या संमतीने ही संघटना योजना चालवते. निरीक्षकाचा संबंध विमान पूर्ण झाल्यावर नव्हे, तर बांधणी सुरू असतानाच येतो. कारण पंखावर कापड किंवा पातळ लाकडाचे आवरण चढले की आतील तुळई, सांधे आणि गोंद यांची तपासणी करणे अशक्य होते. आवरणापूर्वीच्या टप्प्यात अनुभवी डोळ्यांनी सांधे पाहिलेले असतात, त्रुटी असल्यास त्या तेव्हाच दुरुस्त होतात आणि मग चाचणी उड्डाणांपुरती संमती मिळून, ती उड्डाणे यशस्वी झाल्यावर अंतिम मान्यता मिळते. कॉसफर्डसारख्या हवाई तळांवर भरणाऱ्या मेळाव्यांत हजारो प्रेक्षकांसमोर जी प्रचंड मॉडेल उडतात, त्यांच्या मागे या कागदपत्रांची आणि भेटींची मालिका असते. एवढे करूनही विमाने पडतात. आठ टर्बाइन बसवलेली बी-५२ बॉम्बर विमानाची ब्रिटनमधील अवाढव्य प्रतिकृती वळण घेताना कोसळली, हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. तपासणीमुळे अपघात शून्यावर येत नाहीत. पण ढिसाळ बांधणी, सैल सांधे आणि न तपासलेला फेलसेफ ही कारणे यादीतून निघून जातात. जी उरतात त्यांच्यासाठी प्रेक्षक आणि उड्डाणरेषा यांमधील अंतर, हाच उपाय राहतो.

वजनमर्यादेकडे केवळ बंधन म्हणून पाहणाऱ्यांसाठी एक वेगळे उदाहरण नोंदवण्यासारखे आहे. जागतिक विक्रमासाठी मॉडेल विमानाचे वजन इंधनासह पाच किलोंच्या आत असले पाहिजे, ही अट पाळून मेनार्ड हिल या अमेरिकी अभियंत्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी टॅम-५ नावाचे बाल्सा आणि प्लायवूडचे विमान बांधले आणि ऑगस्ट २००३ मध्ये ते कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावरून आयर्लंडच्या किनाऱ्यापर्यंत नेले. सुमारे ३,०३० किलोमीटरचे अंतर त्याने ३८ तास ५२ मिनिटांत कापले. उड्डाणाच्या वेळी त्याच्या वजनाचा निम्म्याच्या जवळपास भाग इंधनाचाच होता. त्यामुळे सांगाड्यातून वाचवलेला प्रत्येक ग्रॅम म्हणजे समुद्रावरचे काही अंतर होते. हिल त्या वेळी सत्तरीच्या पुढचे होते आणि त्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. पाच किलोंची अट नसती तर अधिक मोठे विमान आणि अधिक इंधन एवढाच मार्ग कोणीही घेतला असता. अट होती म्हणून छोट्या इंजिनाला कमीत कमी इंधनात दीड दिवसाहून अधिक काळ चालवण्याची विद्या विकसित झाली.

भारतातील स्थिती या पार्श्वभूमीवर पाहिली पाहिजे. एरोमॉडेलिंग आपल्याकडे नवे नाही. एनसीसीच्या हवाई शाखेत ते प्रशिक्षणाचा भाग आहे, आणि पुण्या-मुंबईसह महाराष्ट्रातील अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांचे संघ दरवर्षी आराखडा-स्पर्धांसाठी विमाने बांधतात. परंतु कायदा या छंदाकडे स्वतंत्रपणे पाहत नसे. ऑक्टोबर २०१४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, एका जाहीर सूचनेद्वारे मानवरहित विमानांच्या नागरी वापरास मनाई केली. २०१८ मध्ये परवानगीची सविस्तर पण किचकट व्यवस्था आली. आणि ऑगस्ट २०२१ मध्ये ड्रोन नियम, २०२१ लागू होऊन चित्र बरेच मोकळे झाले. या नियमांत वजनाचे पाच वर्ग आहेत: २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, तेथून दोन किलोंपर्यंत मायक्रो, २५ किलोंपर्यंत लहान, १५० किलोंपर्यंत मध्यम आणि त्यापुढे मोठे.

याच नियमांनी मॉडेल विमानाची व्याख्या केली, ही समाधानाची बाब आहे. शिक्षण, संशोधन, आराखडा, चाचणी किंवा करमणूक यांसाठीच वापरले जाणारे, नजरेच्या टप्प्यात उडवले जाणारे आणि एकूण २५ किलोंपर्यंत वजनाचे दूरनियंत्रित विमान म्हणजे मॉडेल, अशी ती व्याख्या असून अशा विमानाला प्रकार-प्रमाणपत्राची अट नाही. प्रकार-प्रमाणपत्र म्हणजे एखाद्या आराखड्याच्या नमुन्याची मान्यताप्राप्त संस्थेकडून चाचणी होऊन त्या आराखड्यावरून बनणाऱ्या सर्व विमानांसाठी मिळणारी मान्यता. घरी एकच विमान बांधणाऱ्यासाठी ही अट निरर्थक ठरली असती, आणि ती काढून टाकणे शहाणपणाचे होते. तरीही इतर जबाबदाऱ्या राहतात: सरकारी मंचावर नोंदणी आणि विशिष्ट ओळखक्रमांक, नॅनो वगळता इतरांसाठी तिसऱ्या पक्षाचा विमा, आणि बिगरव्यावसायिक वापरातही दोन किलोंपेक्षा जड विमानासाठी दूरस्थ वैमानिकाचे प्रमाणपत्र. हवाई क्षेत्राच्या सरकारी नकाशावर हिरव्या रंगाने दाखवलेल्या, म्हणजे हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत पूर्वपरवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात ही उंची २०० फुटांवर येते. लोहगावचा विमानतळ हवाई दलाच्या तळावर असल्याने पुण्यातील हौशी मंडळींना मैदान निवडण्यापूर्वी हा नकाशा पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

अडचण २५ किलोंच्या पुढे सुरू होते. विमानाचे वजन २६ किलो झाले की ते मॉडेलच्या व्याख्येतून बाहेर पडते, मध्यम वर्गात जाते आणि त्याला कारखान्यात शेकड्यांनी बनणाऱ्या फवारणी ड्रोनप्रमाणेच प्रकार-प्रमाणपत्राची अट लागू होते. मान्यताप्राप्त शैक्षणिक आणि संशोधन संस्थांना, नोंदणीकृत नवउद्योगांना आणि उत्पादकांना आपल्या ताब्यातील हिरव्या क्षेत्रात प्रयोग करण्याची सवलत नियमांनी दिली आहे. पण स्वतंत्र हौशी बांधणाऱ्याला ती मिळत नाही. एकाच प्रतीत जन्मणाऱ्या विमानाला आराखड्याची सार्वत्रिक मान्यता मागणे म्हणजे तपासणीची चुकीची पद्धत चुकीच्या ठिकाणी लावणे आहे. येथे गरज आहे ती त्या एका विमानाच्या, त्याच्या सांध्यांच्या, सर्व्होंच्या आणि फेलसेफच्या तपासणीची. असे विमान कायद्याच्या चौकटीत उडवण्याची व्यवहार्य वाट नसली की दोनच शक्यता उरतात: ते बांधलेच जात नाही, किंवा ते कोणाच्याही नजरेखालून न जाता एखाद्या आडबाजूच्या माळावर उडते. दुसरी शक्यता सुरक्षेच्या दृष्टीने सर्वांत वाईट आहे आणि नेमकी तीच नियमांच्या उद्देशाविरुद्ध जाते.

हा प्रश्न सोडवण्यासाठी नवा शोध लावावा लागणार नाही. मॉडेल विमानांच्या राष्ट्रीय पातळीवरील संघटनेला डीजीसीएने मान्यता द्यावी, तिच्या निरीक्षकांसाठी पात्रता ठरवावी, २५ ते ५० किलोंच्या मॉडेलसाठी आवरणापूर्वीची तपासणी, जमिनीवरची तपासणी आणि साक्षीने झालेली चाचणी उड्डाणे असे तीन टप्पे घालून द्यावेत, आणि परवाना केवळ त्या विमानाला, नोंदणीकृत मैदानापुरता मिळावा, एवढी तरतूद पुरेशी आहे. निवृत्त हवाई दल अधिकारी, विमान दुरुस्तीतील तंत्रज्ञ आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतील अध्यापक यांतून असे निरीक्षक देशात सहज मिळू शकतात. हौशी मंडळींनीही सरकारी हालचालीची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. क्लबच्या पातळीवर आजपासूनच प्रत्येक दहा किलोंवरच्या विमानाची लेखी तपासणी दुसऱ्या अनुभवी सदस्याकडून करून घ्यावी, काटा मैदानावर ठेवावा, फेलसेफची चाचणी प्रत्येक उड्डाणदिवशी सर्वांसमोर घ्यावी आणि या नोंदी जपून ठेवाव्यात. उद्या सवलत मागण्यासाठी मंत्रालयाच्या दारात जाताना काही वर्षांच्या अशा वह्या हातात असतील, तर मागणी नाकारणे कोणत्याही अधिकाऱ्याला कठीण जाईल.